वेगवान खेळांसाठी मॉनिटर

मॉनिटरवरचे चित्र दर सेकंदाला किती वेळा ताजे होते, हे हर्ट्‌झमध्ये मोजतात. ६० हर्ट्‌झवर नवे चित्र १६.७ मिलिसेकंदांनी येते, १४४ वर ६.९, तर २४० वर ४.२ मिलिसेकंदांनी. म्हणजे पहिली झेप मोठी. पुढची लहान आणि महागडी. पिक्सेल रंग बदलायला रेंगाळला, की पळत्या खेळाडूमागे धूसर शेपूट दिसते. गडद दृश्यांत व्हीए प्रकारच्या पडद्यांना ही खोड अधिक. ग्राफिक्स कार्ड तेवढी चित्रे पुरवत नसेल, तर वेगवान पडदा निव्वळ शोभेचा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये वेग निवडायचा राहिला, तर १४४ चा मॉनिटरही ६० वरच चालू शकतो. ऑनलाइन खेळताना वर्ध्याहून मुंबईच्या सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन येण्याचा वेळ मात्र कोणताच मॉनिटर वाचवत नाही.