गाडीचा रंग बिघडला? "फिनिशिंग बरोबर नाही" एवढं बोलून भागणार नाही

आजचा विषय तसा साधा आहे, पण खिशाला लागणारा. गाडी ठोकली, डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं, पैसे दिले. घरी आणून बघतो तर रंग वेगळा, हात फिरवला तर खरखर. आता काय करायचं?

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आमच्या भाषेत सांगतो. कुणी नुसतं "ॲप चालत नाहीये" असं म्हटलं तर आम्ही काहीच करू शकत नाही. कुठल्या स्क्रीनवर, काय दाबल्यावर, काय दिसलं, हे कळलं तरच बग सापडतो. गॅरेजचंही तसंच आहे. "फिनिशिंग बरोबर नाही" म्हटलं की मिस्तरी एक हात पॉलिश मारून देतो. गाडी आठ दिवस चमकते आणि मग पुन्हा तेच.

म्हणून आधी थर समजून घ्या. खाली पत्रा, त्यावर पुट्टी, मग प्रायमर, त्यावर बेस कोट म्हणजे आपला रंग, आणि सगळ्यात वर क्लिअर कोट म्हणजे चमक. दोष कुठल्या थरात आहे, त्यावर इलाज ठरतो.

पहिला प्रकार, दोष वरच्या थरात. रंगात धुळीचे कण अडकलेत, संत्र्याच्या सालीसारखा पोत आलाय, किंवा ओघळ दिसतोय. आपल्याकडे बहुतेक गॅरेजला बंद बूथ नसतो, पत्र्याच्या शेडमध्येच गन चालते. शेजारून ट्रॅक्टर गेला की धूळ रंगात बसलीच म्हणून समजा. पण हे बऱ्याचदा दुरुस्त होतं. रंग पूर्ण कडक झाला की १५०० आणि मग २००० नंबरच्या वॉटर पेपरने हलकं घासायचं, नंतर रबिंग कंपाउंड, मग पॉलिश. फक्त जपून, कारण क्लिअर कोट केसापेक्षाही पातळ असतो. कडेला जास्त घासलं की खालचा रंग उघडा पडतो.

दुसरा प्रकार, रंगच जुळत नाही. याला पॉलिशचा उपयोग नाही. गाडीवरच्या स्टिकरवर रंगाचा कोड असतो, पण उन्हाने जुना रंग थोडा बदललेला असतो. सिल्व्हर, ग्रे अशा मेटॅलिक रंगात तर गनचं प्रेशर आणि अंतर बदललं तरी शेड बदलते. इलाज एकच, पुन्हा स्प्रे. आणि तोही शेजारच्या पॅनलवर हळूहळू विरत नेलेला. त्याला ब्लेंडिंग म्हणतात.

तिसरा प्रकार, दोष खालच्या थरात. उजेडात पत्रा लाटेसारखा दिसतो, फुगे येतात, पापुद्रे निघतात. इथे रंग काढून पुट्टीपासून काम करावं लागतं. वरून रंग मारून झाकला तर पुन्हा निघणार.

हे सगळं माझ्या डोक्यात बसलं ते घरच्या गाडीमुळे. प्रकाशाजवळ उसाच्या ट्रॉलीने डावी बाजू घासली. पप्पांनी शहाद्यात काम करून घेतलं. पुढे गाडी विकायला काढली, तर ग्राहकाने मागचा दरवाजा बघून सरळ विचारलं, "मोठा ॲक्सिडेंट झालाय का?" आणि तीस हजार कमी करून मागितले. नुसतं घासलं होतं हो! पण वेगळी शेड दिसली की माणूस वाईटच समजतो.

पप्पा म्हणाले, "जाऊ दे, रोज तोंड बघायचं असतं." गावात हाच खरा पेच असतो. मिस्तरी ओळखीचा, भांडायचं कसं? मी सकाळच्या उन्हात फोटो काढले आणि कागदावर लिहिलं: पुढचा दरवाजा, हँडलखाली धुळीचे कण. मागचा दरवाजा, शेड गडद. त्याखाली ओघळ. मिस्तरीने कागद वाचला आणि म्हणाला, "भाऊ, कण आणि ओघळ आजच काढतो. शेडसाठी परत मारावं लागेल. मटेरियल तुमचं, मजुरी माझी." पप्पांनी मान डोलावली. तो ग्राहक काही परत आला नाही, पण ओळख टिकली आणि दरवाजाही जुळला.

आता कामाच्या गोष्टी. गाडी संध्याकाळी ताब्यात घेऊ नका. धुऊन, कोरडी करून, दिवसाच्या उजेडात बघा. पॅनल तिरके बघा, समोरून लाटा दिसत नाहीत. इन्शुरन्सचं कॅशलेस काम असेल तर काम पसंत असल्याच्या कागदावर गाडी बघितल्यानंतरच सही करा. बिलाचंही गणित असतं. झिरो डेप नसेल आणि रंगाचं एकत्र बिल १०,००० असेल, तर त्यातले २५ टक्के मटेरियल धरतात आणि त्यावर ५० टक्के घसारा, म्हणजे १,२५० आपल्या खिशातून. आणि ताज्या रंगावर साधारण महिनाभर वॅक्स नको.

गॅरेजवाला ऐकतच नसेल तर? आधी लेखी द्या, व्हॉट्सॲप चालेल, फोटोसकट. मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ही सेवेतली त्रुटी ठरू शकते. २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि तीही आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात. म्हणजे काम सुरतेला किंवा पुण्याला केलं असलं तरी नवापूरच्या माणसाला तिकडे खेटे घालायची गरज नाही.

पण माझं मत विचाराल तर आधी तो कागद लिहा. पॅनल कुठलं, दोष कुठला, थर कुठला. समोरचा माणूस कारागीर असतो. त्याला नेमकं सांगितलं तर त्यालाही काम कळतं, आणि टाळाटाळ करायची असेल तर तीही लगेच उघडी पडते.

तुमच्या गाडीचा असा काही किस्सा असेल तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. गाडी सावकाश चालवा!