मौन हा गुन्हा नव्हे



गप्प राहिला म्हणजे दोषी, असा आपल्या समाजाचा रूढ समज आहे. राज्यघटनेचे कलम 20(3) मात्र सांगते, कोणत्याही आरोपीस स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही.

1977 साली ओरिसाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी पोलीस ठाण्यात बोलावून लेखी प्रश्नावली देण्यात आली. त्यांनी उत्तरे नाकारली, म्हणून त्यांच्यावर वेगळी कारवाई झाली. 1978 साली न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालपत्राने स्पष्ट केले की, हे संरक्षण न्यायालयात नव्हे, पोलिसांच्या चौकशीपासूनच सुरू होते.

हा सत्य दडविण्याचा परवाना नव्हे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 180नुसार, स्वतःला गुन्ह्यात गोवणारे प्रश्न वगळता इतर प्रश्नांची खरी उत्तरे देणे बंधनकारक आहे.

‘मग गुन्हेगार मोकाट सुटतील,’ अशी शंका घेतली जाते. वस्तुतः दंडुक्याने मिळविलेली कबुली न्यायालयात टिकत नाही. निरपराध माणूस भरडला जातो आणि पुरावा न शोधल्यामुळे खरा अपराधी निसटतो.

आणीबाणीने या राष्ट्राला नि:शब्द केले होते. म्हणूनच 44व्या घटनादुरुस्तीने कलम 20 व 21 आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत, अशी तजवीज केली. लादलेले मौन ही गुलामी; स्वेच्छेने राखलेले मौन हे नागरिकाचे कवच आहे. ते आपल्या मुलांना ठाऊक असू द्या.