दोन सरकारे आणि एक माजी सैनिक



अमेरिकेतील बंदुकांविषयी आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा एखादे हत्याकांड घडल्यावर. आज मी हत्याकांडाविषयी बोलणार नाही. कायद्याविषयी बोलणार आहे, आणि कायद्यावर विश्वास ठेवणाऱ्या एका माणसाविषयी.

२०१३ साली कॅन्सस राज्याच्या विधिमंडळाने एक कायदा केला. कॅन्ससमध्ये तयार झालेली आणि त्या राज्याबाहेर न गेलेली शस्त्रे व त्यांचे सुटे भाग यांना संघ सरकारचा कायदा लागू नाही, असे त्यात घोषित केले होते. त्या भरवशावर एका दुकानदाराने सायलेन्सर बनवून विकले. एका माजी सैनिकाने त्यांतील एक विकत घेतला. संघ सरकारने दोघांवरही खटला भरला. राज्याच्या कायद्यावर विसंबून आपण हे केले, हा बचाव न्यायालयाने ग्राह्य धरला नाही. २०१६ साली दोघे दोषी ठरले, २०१८ साली अपील फेटाळले गेले, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यासच नकार दिला. तुरुंगवास टळला, परिवीक्षेवर भागले. परंतु अशा गंभीर गुन्ह्याचा शिक्का बसला की संघाच्या कायद्यानुसार माणसाला कोणतीही बंदूक बाळगता येत नाही. विधिमंडळात ज्यांनी हात वर केले, त्यांच्यापैकी कोणाचे काय बिघडले? आणि हा धडा समोर असतानाही २०२१ साली टेक्ससने सायलेन्सरबाबत तसाच कायदा केला!

ज्या कायद्यात ते दोघे अडकले, तो १९३४ सालचा. दारूबंदीच्या काळातील टोळीयुद्धे ताजी होती. मशीनगन, नळी कापलेली शॉटगन, आखूड नळीची रायफल, सायलेन्सर यांना आळा घालायचा होता. पण सरळ बंदी घालण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, याची रूझवेल्ट सरकारला खात्री नव्हती. म्हणून कर लावला. बनवा वा हस्तांतर करा, दर वेळी २०० डॉलर भरा आणि नोंदणी करा. त्या वेळी थॉम्प्सन बंदुकीची किंमतही जवळपास तेवढीच होती. मूळ मसुद्यात पिस्तुलेही होती; ती वगळली गेली. जे हत्यार गल्लोगल्ली चालते, तेच सुटले.

या कायद्याचा उपयोग झाला नाही असे मी म्हणणार नाही. नोंदलेली मशीनगन गुन्ह्यात वापरली गेल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत. परंतु हे काम नोंदणीने केले, कराने नव्हे. कराने केवळ खिसा तपासला. पुढे मे १९८६ मध्ये नागरिकांसाठी नव्या मशीनगनची नोंदणीच बंद झाली. जुन्या मात्र राहिल्या. त्यांची किंमत आज सहज वीस-तीस हजार डॉलरच्या घरात जाते, आणि कायदेशीर वारसाकडे जाताना तर २०० डॉलरचा करही पडत नाही. ज्याला आपण निर्बंध म्हणतो, तो श्रीमंताच्या कपाटात गुंतवणूक होऊन बसला आहे.

आणखी एक गंमत पाहा. २०१६ पर्यंत साध्या नागरिकाला अर्जावर स्थानिक शेरीफची किंवा पोलीस प्रमुखाची सही लागे. ती नाकारायला कारण देण्याचे बंधन नव्हते. वकील गाठून ट्रस्ट स्थापणाऱ्याला मात्र सहीच लागत नसे! काही राज्यांनी कायदे करून अधिकाऱ्यांवर सहीची सक्ती केली. अखेर संघ सरकारने ती अट काढून केवळ कळविण्याची ठेवली.

राज्यांना या व्यवस्थेत भर घालता येते, वजाबाकी करता येत नाही. राज्यात जे निषिद्ध आहे, त्याच्या हस्तांतराला संघ सरकार मंजुरी देत नाही. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी यांच्यासह आठ राज्यांत नागरिकाला सायलेन्सर बाळगता येत नाही. न्यू जर्सीत आपली मराठी माणसे पुष्कळ आहेत. तेथे जो गुन्हा, तो डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेले की, नोंदणी केली असल्यास, हक्क ठरतो. आपल्या घटनेने शस्त्रे हा विषय संघसूचीत ठेवला आणि १९५९ चा शस्त्र अधिनियम सर्व राज्यांना एकच आहे. (परवाना प्रत्यक्षात कोणाला मिळतो, हा निराळा विषय, त्यावर पुन्हा केव्हातरी.)

आता नवे वळण आले आहे. २०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्याने सायलेन्सर आणि आखूड नळीच्या बंदुकांवरील कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य केला. मशीनगनवरील २०० डॉलर तसेच आहेत, आणि नोंदणीही कायम आहे. गरिबावरचा भार गेला म्हणून समाजवाद्याने आनंद मानावा काय? शस्त्रविक्रेत्यांचा आनंद पाहिला की मला तरी शंका येते. कारण लगेच न्यायालयांत दावे दाखल झाले: ही नोंदणी कर आकारण्याच्या अधिकारावर उभी होती, करच उरला नाही, तर नोंदणी कशाच्या आधारावर? हा युक्तिवाद टिकला तर काम करणारा भाग जाईल. अनेक राज्यांच्या कायद्यांनी तर संघाच्या नोंदणीवरच भिस्त ठेवली आहे. नोंद असेल तर चालेल, एवढेच ते म्हणतात. नोंदवहीच मिटली, तर त्या राज्यांतील पोलिसाने कोणता कागद मागायचा, हे आज त्यांच्यापैकी कित्येकांच्या कायद्यात लिहिलेले नाही.