बुकी आणि त्याचे गिऱ्हाईक

१८८३ मध्ये सुरू झालेल्या महालक्ष्मीच्या मैदानावर पंटर बुकीला शिव्या घालतो आणि गर्दीही त्याच्यापाशीच करतो. यात दांभिकपणा शोधण्याचे कारण नाही. टोटमध्ये क्लब आपला वाटा काढून उरलेली रक्कम विजेत्यांत वाटतो; हाती किती येणार हे शर्यत संपल्यावर कळते. बुकीचा भाव पैसे लावतानाच पक्का होतो. कारखान्यात अगर कचेरीत ज्याला स्वतःच्या श्रमाचा भाव कधी ठरवता आला नाही, त्याला येथे निदान भाव निवडता येतो!

बुकीने घोडा ‘ओढायला’ लावला, हा संशय हरणाऱ्याच्या तोंडी नेहमीचाच. पण दोन तुल्यबळ घोड्यांवर पन्नास-पन्नास रुपये लागले आणि जिंकणाऱ्यास नव्वद परत गेले, तर कोणताही घोडा येवो, दहा रुपये गल्ल्यातच राहतात. ही वजावट फळ्यावरच्या भावात उघड असते. तिच्याविरुद्ध मात्र कोणी ओरडत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचा दर २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. बिनपरवान्याचा बुकी हा कर घेत नाही. त्याच्याकडे पावती नाही, तक्रारीला जागा नाही. व्यवहार सारा शब्दावर, आणि परवानाधारकाला चोर म्हणणारा पंटर त्या शब्दावर विसंबतो.