पाराशा आणि हजेरीपट

(नभोवाणीवरील भाषण)

आमच्या घरी आठवड्यांना नावे होती. मोशेच्या पाच ग्रंथांचे, म्हणजे ज्याला आम्ही तोरा म्हणतो त्याचे, चोपन्न भाग पाडलेले आहेत; त्यांतील एकेक भाग, एकेक पाराशा, दर शनिवारी वाचावयाची आणि कधी कधी दोन पाराशा एकत्र करून वर्षअखेरीस ग्रंथ संपवून त्याच दिवशी पुन्हा आरंभ करावयाचा, असा शतकानुशतकांचा प्रघात असल्यामुळे ज्या आठवड्यात जी पाराशा वाचली जाते तिचेच नाव त्या आठवड्याला पडते. इंग्रजी तारखा माझ्या आईच्या ध्यानात कधी राहिल्या नाहीत. परंतु धाकट्याला गोवर निघाला तो ‘मिश्पातीम’च्या आठवड्यात आणि विहिरीला कठडा बांधला तो ‘की तेत्से’च्या, हे ती वीस वर्षांनंतरही बिनचूक सांगत असे.

आम्ही बेने इस्राएल, मूळचे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून आमचा वंश वाढला, ही आमची परंपरागत कथा. घाणा चालवून तेल गाळावे आणि शनिवारी घाण्याला हात लावू नये, म्हणून लोकांनी आम्हांला ‘शनवार तेली’ हे नाव दिले. पूर्वजांपाशी ग्रंथ उरला नव्हता, हिब्रू भाषा उरली नव्हती. ‘शेमा’ ही एक प्रार्थना, सुंता, शनिवार आणि खाण्यापिण्याचे काही निर्बंध एवढेच गाठीला राहिले होते. बाकीचे पुढे दावीद रहाबीने शिकवले, असे आमचे वृद्ध सांगतात. विद्येचा इतका लोप होऊनही वार मात्र विसरला नाही, याचे मला लहानपणापासून नवल वाटत आले आहे.

इंग्रजी अमदानीत घाणा सुटला आणि आमची मंडळी पलटणीत, रेल्वेत, दवाखान्यांत आणि सरकारी कचेऱ्यांत शिरली. माझे वडील रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसियर होते, आणि त्यांच्या नोकरीची चांगली नऊ वर्षे जुन्नर आणि आंबेगाव या मुलखात गेली. पुणे तेथून साठ मैलांच्या सुमारास. पुण्यात दोन प्रार्थनामंदिरे: डेव्हिड ससून यांनी बांधलेले, १८६७ साली पुरे झालेले आणि पुणेकरांनी ज्याला ‘लाल देऊळ’ असे नाव देऊन टाकले आहे ते एक, आणि रास्ता पेठेतील आमच्या लोकांचे दुसरे. जुन्नरास यांपैकी काही नाही. शिवाय तोरेच्या गुंडाळीचे सार्वजनिक वाचन करावयाचे तर दहा प्रौढ पुरुष हजर असावे लागतात. घोडेगावापासून बेल्ह्यापर्यंत मोजदाद केली तरी आमच्या माहितीत भरत एकच, ते म्हणजे वडील. आणि मी, तेरा वर्षे पुरी न झाल्यामुळे, शास्त्रदृष्ट्या शून्य.

म्हणून आमचे वाचन घरात होई, आणि ते मराठीत होई. शुक्रवारी दिवेलागणीला भिजवलेल्या काळ्या मनुकांच्या सरबतावर आशीर्वाद म्हणावयाचा आणि शनिवारी सकाळी वडिलांनी मराठी शास्त्र उघडून त्या आठवड्याची पाराशा खड्या आवाजात वाचावयाची. शेजारी जोसेफ यहेज्केल राजपूरकरांनी मराठीत आणलेल्या प्रार्थनांचे पुस्तक असे. १८७४ साली खुद्द पुण्यात छापलेली, मराठी भाषांतरासह असलेली आणि जिच्या चित्रांत बायका लुगडी नेसून बेखमीर भाकरी लाटीत आहेत अशी एक हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाची पोथीही आमच्या पेटीत होती. वाचन संपले की वडील म्हणत, “आता रुजवात घ्या.” दोन दप्तरांतील आकडे समोरासमोर ठेवून पडताळण्याला कचेरीत जो शब्द आहे तोच ते वापरीत. एका बाजूला पाराशा, दुसऱ्या बाजूला आमचा आठवडा. फरक निघाला तर तो कोणाच्या नावे टाकावयाचा ते बोला.

मुंबईहून येणारे हिब्रू पंचांग टपालात रखडले की वडील शेजारच्या जोशीबुवांकडे जाऊन बसत. आमचेही महिने चंद्राचे आणि वर्ष सूर्याचे. त्यांचा मेळ घालण्यासाठी एकोणीस वर्षांत सात अधिक महिने आम्हीही धरतो. त्यामुळे आमचा होळीचा सण बहुधा तुमच्या होळीच्याच चांदण्यात येतो, मांडवाचा सण कोजागिरीला येतो आणि बाराही महिन्यांतला आमचा सर्वांत कडकडीत उपवास, ज्याला आम्ही कोकणात ‘दारफळणीचा सण’ म्हणत आलो, तो दसऱ्याच्या आसपास पडतो. मात्र दोन्हींकडचे अधिक मास एकाच वेळी येत नाहीत, आणि मग एखाद्या साली जोशीबुवांच्या भरवशावर राहिलेला इस्राएली संपूर्ण महिन्याने चुकतो. आम्ही एकदा चुकलो होतो. त्याविषयी आईने दोघांनाही क्षमा केली नाही.

मुंबईच्या चाळीत वाढलेल्या माझ्या चुलतभावांना तोरेतील निम्मे कायदे परीकथेसारखे वाटत, कारण ते शेतकऱ्यांना सांगितलेले आहेत. शेताचा कोपरा कापू नये, गळलेले कणीस पुन्हा वेचू नये, ते गरिबाचे, ही आज्ञा त्यांना समजावून सांगावी लागे; आम्हांला ‘सरवा’ हा एक शब्द पुरे होता, कारण भुईमूग निघाल्यावर सरवा वेचायला निघालेल्या बाया आम्ही दरवर्षी पाहत होतो. फरक एवढाच, की आपल्याकडे सरवा ही मालकाची मेहरबानी आहे आणि तोरेत तो वेचणाऱ्याचा हक्क आहे. सोमवारी आणि गुरुवारी तोरेचे थोडे थोडे वाचन ठेवलेले आहे. तेही खेड्यापाड्यांतले लोक त्या दिवशी शहरात येत आणि न्यायसभाही त्याच दिवशी बसे म्हणून. आठवडे बाजार पाहिलेल्या माणसाला यातले मर्म सांगावे लागत नाही.

मळणी करणाऱ्या बैलाला मुसकी बांधू नको, ही आज्ञा ‘की तेत्से’त आहे, आणि ती पाराशा बहुधा भाद्रपदाच्या शुद्ध पक्षात, म्हणजे त्या बाजूच्या भाद्रपदी पोळ्याच्या दोनतीन आठवडे आधी येते. दहा वर्षांच्या मुलाला जो अधर्म दिसू नये तो दिसतोच. शेजारच्या पाटलांच्या बैलांच्या तोंडाला सुतळीच्या मुसक्या मी पाहिल्या होत्या, आणि हा मोशेच्या कायद्याचा भंग आहे असे मी त्यांना जाऊन सांगितले. पाटलांनी तंबाखू मळता मळता मला विचारले, “मुसकी कवा पाहिलीस? कोळपताना ना? कोळपताना नाय घातली तर त्यो समदं पीक खाऊन जाईल. खळ्यावर कोन घालतंय? तिथं त्याचा वाटा असतोय.” मग थोडे थांबून म्हणाले, “आता धान वलं आसंल, आन् त्याला ढाळ लागत आसंल, तर मंग खळ्यावर बी घालावी. त्याच्याच भल्यासाठी.” मी घरी येऊन हे सांगितले. पुढे पुष्कळ वर्षांनी तल्मूद या बाबिलोनी पंडितांच्या ग्रंथातील चर्चेत अगदी हाच अपवाद मला वाचावयास मिळाला: ज्या धान्याने बैलाचे पोट बिघडते त्यावर त्याला आवरण्यास हरकत नाही, कारण आज्ञाच मुळी त्याच्या हितासाठी आहे. बाबिलोनच्या पंडितांचे आणि जुन्नर तालुक्यातल्या पाटलांचे एकमत होण्यासाठी मधे कोणा भाष्यकाराची गरज लागली नव्हती.

त्याच पाराशेत नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधण्याची आज्ञा आहे, वरून कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष घरावर येऊ नये म्हणून. आमच्या भाड्याच्या घराला कौले होती. त्यावर चढण्याचे कारण फक्त माकडांना. वडिलांनी तो भाग वाचून पुस्तक मिटले आणि रुजवातीत आमच्याकडे काही निघत नाही असे मी म्हणणार, तो आई म्हणाली, “परसातल्या विहिरीचं काय?” बाराव्या शतकातील थोर धर्मशास्त्रज्ञ मैमोनिदेस यांनी अंगणातील विहिरीचाही समावेश या आज्ञेत केलेला आहे, हे आईला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तिला धाकटा रांगता झालेला दिसत होता. घरमालकाने खर्चाला नकार दिला. वडिलांनी पदरच्या पैशाने सव्वा हाताचा दगडी कठडा घालून घेतला आणि तो खर्च ते पुढे कित्येक वर्षे ‘तोरेची दुरुस्ती’ म्हणून सांगत.

१९४८ नंतर आमची पुष्कळशी मंडळी इस्राएल देशात गेली. लोद, दिमोना, बीरशेबा येथून पत्रे येतात, ती मराठीतच. तिकडे बहुतेक शहरांतून शनिवारी बसगाड्या धावत नाहीत, शाळा बंद असतात. माझा एक आतेभाऊ लिहितो की येथे शब्बाथ पाळण्याला काहीच करावे लागत नाही, आणि या सुखात कुठेतरी आपले काहीतरी हरवले आहे असे वाटते. त्याच देशात आमच्या मुलामुलींच्या लग्नाच्या वेळी तुमची वंशावळ शुद्ध आहे काय अशी चौकशी धर्माधिकाऱ्यांनी आरंभली. लोकांनी निदर्शने केली आणि अखेर १९६४ च्या ऑगस्टमध्ये तेथील संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असा ठराव केला. परक्याला छळू नका, तुम्हीही मिसर देशात परके होता, हे वाक्य वर्षाकाठी किती पाराशांतून फिरून येते ते त्या धर्माधिकाऱ्यांना मी सांगावे असे नाही. जुन्नरास आमची वंशावळ कोणी विचारली नाही. शनिवारी साहेब सही करीत नाहीत एवढी ओळख लोकांना पुरत होती.

त्या सहीचीच गोष्ट सांगावयाची राहिली. रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांचा आठवडा शनिवारी संपे आणि त्याच संध्याकाळी पगार वाटला जाई, कारण जुन्नरचा बाजार रविवारचा. सरकारी नोकराला शनिवारची सुटी कोण देणार? वडील कामावर पायी जात, उभे राहत, परंतु त्या दिवशी लेखणी धरीत नसत आणि पैशाला शिवत नसत. यावर त्यांनी तोड काढली होती ती अशी, की रक्कम शुक्रवारीच मोजून कारकुनाच्या हवाली करावी आणि शनिवारी त्याने हजेरीपटावर अंगठे घेऊन वाटप करावे. सूर्यास्तानंतर तीन चांदण्या दिसल्या की वडील पट तपासून सही करीत. पट नेहमी बरोबर असे.

‘की तेत्से’चा तो शनिवार मला आठवतो. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्याकडे लागलेला असतो, हा भाग वाचून झाला. आठवड्याच्या बोलीने ठेवलेला मजूर असेल तर ज्या दिवशी त्याचा आठवडा भरतो त्या दिवसात ती पोचावी, असा पंडितांचा निर्णय; त्या हिशेबाने आमची बाजू निर्वेध होती. रुजवात घेता घेता वडिलांनी सहज, पाणी भरायला आलेल्या एका खडीवालीला विचारले, “बाई, पैसे वेळेवर मिळतात ना?” ती म्हणाली, “मिळत्यात की. रुपयामागं आना कापून मिळत्यात. सायबाच्या देवाचा आना म्हनत्यात त्येला.”

वडील त्या दिवशी जेवले नाहीत. चौकशी झाली, कारकुनाची बदली झाली, कापलेले आणे जमले तेवढे परत केले गेले. त्यात सांगण्यासारखे विशेष नाही. परंतु आपण शनिवार पाळीत होतो तो या बायांच्या आण्यावर पाळीत होतो, ही गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही. पुढे रास्ता पेठेत एका वृद्ध हिब्रू शिक्षकांनी त्यांना सांगितले की शब्बाथच्या दिवशी परधर्मीयाकडून आपले काम करवून घेणे मुळातच शास्त्राला मान्य नाही. म्हणजे तोड म्हणून जी काढली होती ती दोन्ही बाजूंनी कच्ची होती.

त्यांनी वरिष्ठांकडे अर्ज केला की आठवडा गुरुवारी बंद करून शुक्रवारी पगार वाटण्याची परवानगी असावी. नियमात बसत नाही, असा शेरा मारून तो परत आला. दुसऱ्या अर्जात त्यांनी आपल्या धर्माचा उल्लेख गाळला आणि मजुरांना बाजाराआधी एक दिवस हातात मिळाल्यास देण्याघेण्याची सोय होते, एवढेच लिहिले. तो मंजूर झाला. तेव्हापासून शुक्रवारी दुपारी चारला चिंचेखाली खुर्ची मांडली जाई. वडील स्वतः नाव पुकारीत, स्वतः मोजून हातावर ठेवीत, आणि दर पाचदहा नावांमागे मान वळवून शिवनेरीकडे पाहत, कारण सूर्य गडाच्या मागे गेला म्हणजे संपले. रांग लांब असली की बायाच एकमेकींना घाई करीत: “चला गं, सायबाचा दिस बुडतोय.” एकदाच तो बुडाला. सात नावे राहिली होती. वडिलांनी क्षणभर गडाकडे पाहिले, मग पटाकडे पाहिले, आणि ती सातही नावे पुरी केली. घरी आई दिवा लावून थांबली होती. तिने काही विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या रुजवातीत तो विषय निघाला नाही.

पुढच्या वर्षी आमची बदली सोलापूरकडे झाली. तीनचार महिन्यांनी मुकादमाचे कार्ड आले. क्षेमकुशल, पाऊसपाणी, आणि शेवटी एक ओळ, की नवीन साहेबांनी पगार पूर्ववत शनिवारी केला आहे. वडिलांनी कार्ड उलटून दोन्ही बाजू पाहिल्या आणि आईला विचारले, “वाटतो कोण?”

कार्डात ते लिहिलेले नव्हते.