बी जिवंत आहे का?

पेरणी तोंडावर आली आहे, म्हणून आज बियाण्याबद्दल बोलू. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या, आठवतं ना? आमच्या गटातल्या एका ताईंना दुबार पेरणी करावी लागली. दुसऱ्या वेळचं बियाणं गटाच्या कर्जातून आणलं. पीक निम्मं आलं, हप्ते मात्र पुरे भरावे लागले. जिवंत बी आणि मेलेलं बी हातात घेतलं तर सारखंच दिसतं, हीच तर अडचण.

यावर शास्त्रज्ञ लेझर वापरून पाहत आहेत. लेझरचा उजेड खडबडीत वस्तूवर पडला की तिथे रवाळ ठिपके दिसतात. दगडावर ते जागच्या जागी राहतात. भिजवलेल्या जिवंत बीवर मात्र दुधाला उकळी यावी तसे हलत राहतात, कारण आत पाणी आणि पेशींतले कण हलत असतात. ब्राझीलमध्ये घेवड्याच्या बियांवर असे प्रयोग झाले आहेत.

कॅमेरा एकापाठोपाठ एक फोटो काढतो. ही हालचाल नुसत्या डोळ्यांनी मोजता येत नाही, म्हणून संगणकाला शिकवतात. त्याला डीप लर्निंग म्हणतात. ही जिवंत, ही मेलेली, असं सांगत ढीगभर फोटो दाखवायचे, फरक तो आपला आपण शोधतो. तांदळातला खडा ओळखायला आपल्याला तरी कुणी व्याख्या शिकवली होती?

पण यात एक गोम आहे. मेलेल्या बीला बुरशी लागली तरी ठिपके हलतात, कारण बुरशीही जिवंतच! ओल कमीजास्त झाली तरी चित्र बदलतं. घेवड्यावर शिकलेला संगणक सोयाबीनवर चुकू शकतो. उद्या कुणी असं यंत्र घेऊन गावात आलं, तर किंमत नंतर विचारा. आधी विचारा, याला कोणतं बी दाखवून शिकवलंय?

सध्या आपलं गोणपाट बरं. पोत्यातून सरसकट 100 बिया घ्या, टपोऱ्या निवडू नका. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट घाला, गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. सात-आठ दिवसांनी फक्त चांगले, सरळ कोंब मोजा. 70 किंवा जास्त असतील तर बियाणं पेरणीजोगं. थोडे कमी असतील तर एकरी बियाणं वाढवावं लागतं, ते किती हे सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना विचारा.

त्या ताईंनी परवा घरचं बियाणं मोजलं. 48 निघाले. ते पोतं बाजारात गेलं, आणि आता शेजारच्या काकूंचं बियाणं त्यांच्या पडवीत गुंडाळलेलं आहे.