गाडी गारच आणा

थंडी पडली की आमच्या गॅरेजचा फोन सकाळी सहालाच वाजायला लागतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहा अंशांवर आला की निफाडची पेपरात बातमी येते, आणि लासलगावच्या कांद्याच्या गाड्या आमच्या दारात येतात. तक्रार ठरलेली: "मिस्त्री, सकाळी पांढरा धूर मारते, खडखडते, मिसिंग करते. अर्ध्या तासाने एकदम ओके." हे सांगत असतात तेव्हा दहा वाजलेले असतात आणि गाडी वीस किलोमीटर चालून आलेली असते. मी बघायचं काय? पुरावा वाटेतच जळून गेला ना.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली की तापते, त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. सकाळी लोखंड गार असतं, ते हवेची उष्णता ओढून घेतं. सगळे सिलेंडर चांगले असतील तर मिनिट-दोन मिनिटं धूर येतो आणि जातो. पण एखादं नोझल फवारा न मारता थेंब टाकत असेल, किंवा एखाद्या सिलेंडरचं कॉम्प्रेशन कमी असेल, तर तिथलं डिझेल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर येतं. तोच पांढरा धूर. इंजिन तापलं की तेच थेंबसुद्धा पेटतात आणि दोष लपतो.

मागच्या जानेवारीत एक शेठ आले. जुनी सहा सिलेंडरची गाडी, लाइन पंपाची. दोन ठिकाणी सांगितलं होतं, इंजिन काम काढा, लायनर-पिस्टन गेले. खर्च लाखाच्या पुढे. वर ड्रायव्हरवर आळ, की यानेच इंजिन मारलं, म्हणून त्याचा भत्ता कापलेला. मी म्हटलं, रात्री गाडी इथे लावा, चावी माझ्याकडे द्या, पहाटेपर्यंत कोणी सेल्फ मारायचा नाही.

पहाटे आधी रेडिएटरचं पाणी बघितलं. भरलेलं होतं. मग चालू केली. धुरानं डोळे चुरचुरले, वास कच्च्या डिझेलचा. पाणी आत जात असेल तर वाफ डोळ्याला अशी झोंबत नाही, आणि कूलंट असेल तर गोडसर वास येतो. म्हणजे हेड गॅस्केटवरचा संशय बराच कमी झाला. मिनिटभराने मॅनिफोल्डच्या प्रत्येक नळीवर पाण्याचे दोन-दोन थेंब टाकले. पाच ठिकाणी चर्रर करून उडाले, तीन नंबरवर तसेच बसून राहिले. तीन नंबरच्या नोझलच्या पाइपचा नट जरा सैल केला, इंजिनच्या आवाजात फरक शून्य. तो सिलेंडर कामच करत नव्हता.

आता नोझल की कॉम्प्रेशन? तीनचं नोझल पाचला लावलं, पाचचं तीनला. पण इंजिन एव्हाना तापलं होतं. या कामात दिवसाला एकच परीक्षा होते, घाई चालत नाही. दुसऱ्या पहाटे थेंब बसून राहिले पाच नंबरवर. दोष नोझलबरोबर सरकला. तीनवरच राहिला असता तर कॉम्प्रेशन मोजावं लागलं असतं आणि ते दोन मिस्त्री खरे ठरले असते.

पण एक नोझल खराब म्हणून अर्धा तास धूर? हे मला पटेना. रस्त्यावर घेऊन गेलो, काटा ६० च्या वर जाईना. थर्मोस्टॅट कोणीतरी उन्हाळ्यात काढून टाकला होता! आपल्याकडे ही सवयच आहे, गाडी गरम होते ना, काढा वॉल. अहो, साधारण ८० अंशांपर्यंत तो पाणी इंजिनातच फिरवत ठेवतो. तो नसेल तर पहिल्या मिनिटापासून रेडिएटर पाणी गार करतो, न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि मग खरंच लायनर-पिस्टन जातात. नोझल दुरुस्त केलं, थर्मोस्टॅट बसवला, संपलं काम. कापलेला भत्ता मिळाला, असं ड्रायव्हरने नंतर सांगितलं.

एक मात्र ऐका. नट सैल करायचा प्रकार फक्त जुन्या पंपावर. कॉमन रेलला चुकूनही पाना लावू नका. तिथलं प्रेशर हजार बारच्या पुढे जातं, बारीक धारसुद्धा कातडीत घुसते. तिथे स्कॅनरवरून एकेक सिलेंडर बंद करून बघतात. आणि पहाटे सेल्फ मारण्याआधी नुसती चावी फिरवून तीन आकडे वाचा: पाण्याचं, आत येणाऱ्या हवेचं आणि डिझेलचं तापमान. रात्रभर उभ्या गाडीत हे जवळपास सारखे हवेत. हवा ७ आणि पाणी ४० दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय, आणि कॉम्प्युटर गार इंजिनाला गरम समजून डिझेल देतोय.

बीएस-६ वाल्यांचे फोन वेगळेच, "सकाळी गाडी आपोआप रेस होते." इंजिन लवकर तापावं म्हणून कॉम्प्युटर आयडलिंग वाढवतो, पाणी तापलं की उतरवतो. धूर नाही, मिसिंग नाही, तर तिला हात लावू नका.

धुराचे व्हिडिओ पाठवता ते ठीक, पण त्यात वास येत नाही मंडळी. रात्रीच गाडी आणून लावा. पहाटे साडेपाचचा चहा माझ्याकडे.